टणक नावाचं पॅकेज

अन्नेके नावाच्या एका बाईंचं पत्र मला मागच्या हिवाळ्यात आलं होतं, आणि मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र छोटं होतं आणि फार सभ्य होतं. सभ्य पत्रांना उत्तर देणं मला नेहमीच जड जातं. कुणी रागावून लिहिलं असेल तर गप्प बसायला निदान एक कारण तरी मिळतं.

बाईंनी दोनच गोष्टी विचारल्या होत्या. तुमचं 'तेमिर' हे पॅकेज कुणी वापरतं का? आणि तुम्ही अजून आहात का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्याचं ठाऊक होतं, पण ते एका अनोळखी बाईंना लिहून कळवण्याइतकी माझी खात्री नव्हती.

माझी बायको बुर्मा पत्राबद्दल अधूनमधून विचारायची. लग्न झाल्यापासून तिनं माझं नाव घेतलेलं नाही. शेजारणींशी बोलताना मी 'आमचे हे' असतो आणि समोरासमोर 'अहो म्हातारबुवा'.

"अहो म्हातारबुवा, त्या बाईंना लिहिलंत का?"

"लिहितो."

"परकी बाई स्वतःहून विचारते आहे की हा माणूस जिवंत आहे का. आणि आमचे हे विचार करताहेत."

तेमिर म्हणजे लोखंड. मी आयुष्यभर आमच्या नारीन गावातल्या एका छोट्या वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली. आमच्या किर्गिज भाषेत तीन अक्षरं अशी आहेत जी रशियन लिपीत नाहीत. छापखान्यात बाहेरून खिळ्यांच्या पेट्या यायच्या, त्यांत ही तीन कधीच नसायची. गावातल्या एका कारागिरानं ती ओतून दिली होती, आणि एका लोखंडी डब्यात आम्ही ती वेगळी ठेवत असू. खिळे जुळवणारा जुळारी ओरडायचा, "तेमिर आण," की डबा न्यायचा. पुढे कॉम्प्युटर आले तरी कीबोर्डवर ती तीन अक्षरं नव्हतीच, किंवा कुठेतरी अशा कोपऱ्यात होती की बोट पोचू नये. निवृत्त झाल्यावर मी पुस्तकं वाचून, चुकत, पुसत, एक पॅकेज तयार केलं. ते कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं की तीन अक्षरं हाताशी येतात, शब्दांची शुद्ध यादी येते, आणि काळ्या पडद्यावर कॉम्प्युटर जे काही बोलतो ते किर्गिजमध्ये बोलू लागतो. त्याला नाव दिलं तेमिर.

अन्नेकेबाई ज्या मंडळींपैकी आहेत त्यांनी जगभरच्या लोकांसाठी एक सामायिक भांडार उघडं ठेवलेलं आहे. पैसे नाहीत, पगार नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, हवं ते पॅकेज आपल्याकडे येऊन बसतं. नको झालं की दुसरी ओळ टाइप करायची, ते निमूट निघून जातं. मी तेमिर तिथे ठेवून दिलं तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. मला तेच नवल वाटलं होतं.

बाईंच्या पत्रात शेवटी लिहिलं होतं की आमच्या मोजणीत हे पॅकेज फक्त दोन कॉम्प्युटरांवर दिसतं. ते दोन्ही माझेच होते. एक रोजचा, एक बुर्मानं खिडकीखाली फुलांच्या कुंडीसाठी वापरायला घेतलेला, पण अजून चालणारा. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर बाईंनीच दिलं होतं, असं मी धरून चाललो.

आमच्या वाचनालयाच्या प्रमुख सुयुमकान. माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, मला आगाय, म्हणजे गुरुजी, म्हणतात, पण त्यांच्यासमोर मीच लहान असल्यासारखा वागतो. रोज सकाळी मी शेगडीजवळच्या खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसतो, आणि त्या आपल्या टेबलाच्या खणातून मूठभर कुरुत माझ्यासमोर ठेवतात. वाळवलेल्या दह्याच्या या गोळ्या चघळायला वेळ लागतो, आणि तोंडात कुरुत असलं की माणसाला बोलावं लागत नाही. सुयुमकानना हे कळलेलं आहे.

काही वर्षांपूर्वी त्यांनी मला विचारलं होतं की पॅकेज आतून कसं असतं. मी दाखवलं. सुटकेस उघडून दाखवावी तसं ते उघडलं, आत काय कुठे आहे ते सांगितलं, वरची चिठ्ठी दाखवली, जिच्यावर पॅकेजचं नाव आणि सांभाळणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं, आणि पुन्हा बंद केलं. त्यांनी एकदाच पाहिलं. मग तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. मला वाटलं, त्यांना कंटाळवाणं झालं असावं. मी सांगितलेल्या बहुतेक गोष्टी लोकांना कंटाळवाण्या होतात.

बिश्केकहून सलामत आला तो नदी काठाकडून गोठायला लागलेली असताना. राजधानीतल्या एका कार्यालयानं त्याला पाठवलं होतं. उंच, बारीक, अंगात पातळ जाकीट. आल्या आल्या त्यानं दोन्ही हात शेगडीच्या पाठीला लावले.

"राजधानीतली माणसं थंडीलाही आधी पत्र पाठवतात वाटतं," सुयुमकान म्हणाल्या, "की आम्ही येतोय, जरा कमी हो."

"पाठवलं होतं, एजे. थंडीनं उत्तर दिलं नाही."

एजे म्हणजे ताई, आमच्याकडे थोरल्या बाईला तसंच म्हणतात. मी वर्तमानपत्र थोडं वर धरलं.

त्यानं एक कागद काढून त्यांना दिला. सगळ्या वाचनालयांच्या कॉम्प्युटरांवर नवी आवृत्ती बसवायची होती, आणि त्यानिमित्त एक छोटा समारंभही करायचा होता. सुयुमकान मोठ्यानं वाचू लागल्या आणि मध्येच थांबल्या.

"सलामत, हे कुणी टाइप केलं?"

"ऑफिसनं. का?"

"'माननीय पाहुण्यांना जाळ्यात बसवावे.' इथे असं लिहिलंय."

"जाळ्यात कसं असेल? मानाच्या जागी असेल."

"मानाची जागा म्हणजे त्योर. ओठ गोल करून म्हणायचा तो. तुमच्या ऑफिसकडे ते अक्षर नाही, म्हणून साधं तोर लिहिलंय. तोर म्हणजे जाळं. कोण येणारेत पाहुणे? मासे का?"

सलामत हसला. चांगला मुलगा होता, हे सांगून ठेवतो. "सगळे असंच लिहितात हो, एजे. वाचणारा समजून घेतो."

"इथे समजून घ्यावं लागत नाही. इथे लिहिता येतं."

त्यांनी त्याला दूध-मीठ घातलेला चहा दिला. दोन्ही हातांनी कप धरून तो कॉम्प्युटरशेजारी बसला आणि काय करायचं ते सांगू लागला. नवी आवृत्ती बसवण्याआधी जुन्या सटरफटर गोष्टी काढायच्या. नियम सोपा होता. सामायिक भांडाराच्या नव्या आवृत्तीत जे आहे ते राहील, जे नाही ते जाईल.

"किर्गिज भाषेचं एक जुनं पॅकेज आहे, ते नव्या आवृत्तीच्या यादीत नाहीये. आधी ते काढू. एजे, तुम्ही टाइप करा, माझी बोटं अजून माझी झालेली नाहीत."

वर्तमानपत्रामागे मी कुरुत चघळायचं थांबवलं.

सुयुमकाननी खुर्ची ओढली. "सांग."

"आधी काढण्याची कमांड. हां. मग एक जागा सोडा. मग तेमिर."

त्यांनी कमांड टाइप केली, एक जागा सोडली, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"तेमिर, एजे."

"ऐकलं."

"मग लिहा ना."

"ते मी लिहीत नाही."

"आपल्या लिपीत पाचच अक्षरं आहेत."

"अक्षरं मला येतात. नाव येत नाही."

सलामतनं कप खाली ठेवला. त्याला आधी कळलं नाही. मग त्याच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरलं, कारण त्याच्याही घरी आई असणार आणि आजी असणार. "सासरे?" त्यानं हळूच विचारलं.

"सासरे."

"त्यांचं नाव तेमिर?"

"त्याच्यापुढे आणखी थोडं होतं. पण जे आहे तेवढं पुरे. तू घेतलंस, मी नाही घेतलं."

मी वर्तमानपत्र खाली घेतलं होतं, हे मला नंतर लक्षात आलं. सुयुमकानच्या सासऱ्यांना मी चाळीस वर्षं ओळखत होतो. ते गुरांचे डॉक्टर. अख्खं नारीन त्यांना मालदोक्तुर म्हणायचं, मीही तेच म्हणायचो. तेमिरबेक हे त्यांचं खरं नाव मी एकदाच वाचलं होतं, त्यांच्या निधनाच्या बातमीचं मुद्रित तपासताना. स्पेलिंग बरोबर आहे एवढं पाहिलं आणि पुढे गेलो. नाव तिथेच राहिलं.

"एजे, ते तर वारले ना?" सलामत म्हणाला.

"ते वारले. मी अजून सून आहे."

"पण हे बोलायचं नाहीये, नुसतं लिहायचंय."

"आणि त्याच्या आधी मी काय लिहिलंय ते वाच. 'काढ.' आता मी सासऱ्यांना काढ असं लिहू? ज्या माणसानं या गल्लीतल्या प्रत्येक घराची अडलेली गाय रात्री-अपरात्री उठून सोडवली त्याला? जिभेनं घेत नाही ते नाव बोटांनी घेऊ? बोटं काय माहेरची आहेत?"

"बरं, बरं. मी लिहितो. तुम्ही तिकडे बघा."

त्या उठल्या आणि खरोखरच खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सलामतनं नाव टाइप केलं आणि एंटर दाबलं. काळ्या पडद्यावर किर्गिजमध्ये ओळ उमटली. ते वाक्य माझंच होतं, मी महिनाभर त्याच्यावर घालवला होता. 'या नावाचं कुणी या घरात नाही.'

सलामत शेजारच्या कॉम्प्युटरवर गेला, त्याच्या पलीकडच्यावर गेला. सगळीकडे तीच ओळ.

"नाहीच आहे," तो म्हणाला. "मग हे सगळे किर्गिज कसे बोलताहेत?"

"शिकले असतील," सुयुमकान खिडकीपाशी उभ्यानंच म्हणाल्या. "इथली हवा चांगली आहे."

त्यानं कॉम्प्युटरवर बसलेल्या सगळ्या पॅकेजांची यादी काढली आणि बोट फिरवत खाली खाली जात राहिला. मला वाटत होतं की तेमिर इथे कधी आलंच नाही, सुयुमकाननी दुसऱ्या कुणाचं चांगलं काहीतरी आणून बसवलं, आणि माझं मन राखायला इतकी वर्षं गप्प राहिल्या. त्यांच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं.

"कातू," सलामत म्हणाला. "हे कातू काय आहे? कातू म्हणजे टणक ना?"

"टणकच."

"आणि सांभाळणारा..." तो पडद्याजवळ वाकला. "जापार. हे जापार कोण?"

सुयुमकान वळल्या आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या गालांवर लाली चढली होती. इतक्या वर्षांत मी ती पहिल्यांदा पाहत होतो.

"आगाय," त्या म्हणाल्या, "तुम्हाला सांगायचं राहिलं. म्हणजे राहिलं नाही, सांगितलं नाही."

मला कुरुत गिळता येईना आणि काढताही येईना.

"तुम्ही ते उघडून दाखवलंत ना, त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी मी ते उघडलं आणि वरच्या चिठ्ठीवरचं नाव तेवढं बदललं. तुमचं नाव तसंच ठेवलं. त्यांचं तेवढं बदललं. घरात आम्ही सुना लोखंडाला टणकच म्हणतो. टणक चूल, टणक पलंग. नदीपलीकडच्या पुलाला मी टणक पूल म्हणते, पोरं हसतात. मग पॅकेजला दुसरं काय म्हणणार होते?"

"मला सांगितलं असतंत तर..."

"तर तुम्ही लगेच नाव बदललं असतंत, आणि वर माफी मागितली असतीत. ते नाव तुम्ही छापखान्याच्या डब्यावरून ठेवलं होतं. मी काय डबा फेकायला लावू?"

सलामत आमच्याकडे आळीपाळीनं पाहत होता.

"आणि हे फक्त इथंच आहे का?" मी विचारलं.

"इथंच कसं असेल, आगाय? आत-बाशीच्या, कोचकोरच्या, जुमगालच्या वाचनालयांतल्या सगळ्या बायका माझ्याकडेच शिकायला येतात. फोनवरून पण विचारतात, एजे, पुढे काय टाइप करू? मी काय सांगू? 'माझ्या सासऱ्यांना उतरवून घ्या' असं? पेन ड्राइव्हवर कातू घालून देते, त्या घेऊन जातात. तिथून शाळांत गेलंय, दवाखान्यांत गेलंय. कुणाला तेमिर विचारा, मान हलवतील. कातू विचारा."

मग मला अन्नेकेबाईंची मोजणी आठवली. बाईंच्या भांडाराकडे जगभरचे कॉम्प्युटर आपापल्या घरातली नावं कळवत असतात. बाईंनी त्या नावांत तेमिर शोधलं आणि त्यांना माझा रोजचा कॉम्प्युटर आणि बुर्माच्या कुंडीखालचा सापडला. कातू नावाचं काही त्यांच्या वहीतच नव्हतं, मग त्या ते शोधणार कशा? सबंध खोऱ्यानं ते पॅकेज वापरलं, आणि ज्या नावानं हाक मारली ते नाव कुणी मोजलं नाही.

मी हे सगळं मोठ्यानं बोललो नाही. बोलायला हवं होतं, पण तेवढ्यात सलामतनं सुस्कारा टाकला.

"एजे, मला हे आवडलंय. खरंच. पण हे तर आणखी अवघड झालं. तेमिर निदान जुन्या भांडारात तरी आहे. कातू तर कधीच नव्हतं. मला ते काढावंच लागेल." आणि त्यानं काढण्याची कमांड दिली. कातू हे नाव घ्यायला त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती.

पडद्यानं लगेच ऐकलं नाही. त्यानं एक यादी लिहिली. 'कातू जाईल त्याच्याबरोबर हेही जातील': तीन अक्षरांचा कीबोर्ड, शब्दयादी, आणि वाचनालयाची सूची. सूची म्हणजे या इमारतीतल्या प्रत्येक किर्गिज पुस्तकाचं नाव. सुयुमकाननी ती दोन हिवाळे बसून तयार केली होती. ती आमच्या अक्षरांच्या क्रमानं लावलेली आहे, आणि तो क्रम कातूच्या पोटात आहे. यादीखाली पडदा विचारत होता, 'निरोप द्यायचा? हो की नाही?'

सलामतचं बोट कीबोर्डवर होतं.

मी उठलो होतो. माझ्या हातात वर्तमानपत्र होतं आणि तोंडात कुरुत, आणि मी काय दिसत असेन हे मला पुढे पुष्कळ दिवस आठवत राहिलं. पण मी त्या खुर्चीपर्यंत गेलो आणि माझा हात कीबोर्डवर, त्याच्या हातावर ठेवला.

"नाही," मी म्हणालो.

"आगाय?"

"नाही टाइप कर. तो विचारतोय ना, हो की नाही? नाही."

त्यानं वर पाहिलं. "आगाय, तुम्ही जापार का?"

"मीच जापार."

त्यानं नाही टाइप केलं. पडदा पुन्हा रिकामा झाला, नुसती ती लुकलुकणारी रेघ उरली. मग तो उठला आणि त्यानं मला त्याची खुर्ची दिली. शेगडीजवळची खुर्ची त्यानं स्वतः घेतली.

"मी तुमच्या विरुद्ध नाही, आगाय," तो म्हणाला. "पण माझ्या सहीवर मी काय ठेवू? भांडारात असेल तर कुणी मला विचारणार नाही. तेमिरच्या नावापुढे तिथे 'पोरकं' असं लिहिलंय, मी यायच्या आधी पाहिलंय. सांभाळणाऱ्याला विचारलं, उत्तर आलं नाही, असं लिहिलंय. उद्या संध्याकाळी नव्या आवृत्तीची यादी बंद होईल, आणि ते कायमचं काढून टाकतील."

"पोरकं?" सुयुमकान म्हणाल्या. "कोण पोरकं?"

मी वर्तमानपत्राची घडी घातली.

"आगाय, तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"एक बाई होत्या," मी म्हणालो. "अन्नेके नावाच्या. मागच्या हिवाळ्यात."

"आणि तुम्ही?"

"मला वाटलं, कुणी वापरत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलतील, आणि मला ते ऐकायची तयारी करायला थोडा वेळ हवा होता. पण त्या सलामतकडे वळल्या.

"पोरकं म्हणे. या गावात आई-बाप दोन्ही गेलेल्या पोरालासुद्धा आम्ही पोरकं म्हणू देत नाही, कुणीतरी काका असतो, कुणीतरी आत्या असते. आणि सांभाळणारा इथे धडधाकट बसून माझं कुरुत खातोय. उद्यापर्यंत वेळ आहे ना?"

"उद्या संध्याकाळपर्यंत."

"मग तू आज वरच्या मजल्यावरचे कॉम्प्युटर कर. इथले उद्या."

"वरच्या मजल्यावर एकच आहे, एजे."

"मग सावकाश कर."

तो गेला. जाताना त्यानं दार हलकेच लावून घेतलं.

मी पत्र लिहायला बसलो. पहिलं वाक्य इंग्रजीत लिहिलं. सुयुमकान खांद्यावरून पाहत होत्या.

"काय लिहिलंत?"

"उशिरा उत्तर देत असल्याबद्दल क्षमस्व, आणि तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल..."

"कसला त्रास? त्यांच्या सतरंजीवर चहा सांडलात का?"

"रीत असते तशी."

"खोडा."

खोडलं. दुसरं वाक्य लिहिलं.

"आता काय?"

"माझं ज्ञान फार तोकडं आहे आणि या पॅकेजमध्ये अनेक चुका असण्याची शक्यता..."

"आगाय, हे पत्र तुम्ही त्यांच्याकडून लिहिताय का आपल्याकडून?"

तेही खोडलं. मी सांगितलं की माझं इंग्रजी पुस्तकी आहे, त्यात मला नम्र होण्यापलीकडे काही येत नाही. भांडायचे शब्द मी वाचलेत, वापरलेले नाहीत.

"मग ज्यात येतात त्यात लिहा."

"त्या वाचणार कशा?"

"तुम्ही त्यांचं पत्र कसं वाचलंत? डिक्शनरी घेऊनच ना? त्यांच्याकडे डिक्शनरी नसेल तर आपल्या पॅकेजमध्ये शब्दांची यादी आहे. उतरवून घ्या म्हणावं."

यावर मला हसू आलं, आणि हसू आल्यावर पुढचं सोपं झालं. मी कीबोर्ड किर्गिजवर आणला. तिन्ही अक्षरं बोटांखाली आली. मी लिहीत गेलो, आणि पहिल्यांदाच पुढचं वाक्य मागच्या वाक्याची माफी न मागता आलं.

मी लिहिलं की बाई, आपण विचारलंत हे पॅकेज कुणी वापरतं का. वापरतात. आपल्याला दोन कॉम्प्युटर दिसले, कारण आपण नाव मोजलंत. आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही. त्या नावात लोखंड असेल तर ती आयुष्यभर लोखंडाचं नाव घेत नाही, आणि तरी त्याच लोखंडी चुलीवर रोज स्वयंपाक करते. चुली मोजायला आलेल्या माणसानं नाव विचारलं तर त्याला या घरात चूलच नाही असं वाटेल. आमच्या खोऱ्यात हे पॅकेज कातू नावानं राहतं. आपल्या वहीत ते नाव नाही, हा वहीचा दोष आहे.

इथे मी थांबलो. "फार झालं का?"

"अजून भांडण सुरूही झालं नाही," सुयुमकान म्हणाल्या. "पुढे."

मी लिहिलं की याबरोबर नवं बांधलेलं पॅकेज पाठवत आहे. वरच्या चिठ्ठीवर आता दोन्ही नावं आहेत. तेमिर मागेल त्याला तेच मिळेल, आणि कातू मागेल त्यालाही तेच मिळेल. यापुढे मोजताना दोन्ही मोजावीत. आपल्या नियमात लिहिलं आहे की सांभाळणाऱ्यानं हरकत घेतली तर पॅकेज काढता येत नाही. मी हरकत घेतो. पोरकं हा शब्द त्याच्या नावापुढून काढावा. माझ्या मागे सांभाळणारी व्यक्ती म्हणून सुयुमकान यांचं नाव आजच लिहून ठेवत आहे, त्यामुळे हा प्रश्न पुन्हा विचारावा लागणार नाही.

"माझं नाव?" त्या म्हणाल्या.

"तुमचं नाव घ्यायला तर कुणाला हरकत नाही ना?"

खण उघडून त्यांनी कुरुत काढलं आणि यावेळी स्वतःच्या तोंडात टाकलं.

पॅकेज बांधायला दुपार गेली. दोन नावं एका चिठ्ठीवर लिहायची रीत पुस्तकात होती. मी ती वर्षांपूर्वी वाचली होती आणि मला कधी लागेल असं वाटलं नव्हतं. सुयुमकाननी एका कॉम्प्युटरवर कातू म्हणून ते उतरवून पाहिलं, मग काढून पाहिलं, मग पुन्हा उतरवलं. तीनदा तसं केलं. दरवेळी ते आलं, दरवेळी निरोप घेऊन गेलं, पुन्हा बोलावल्यावर पुन्हा आलं, आणि सूची जागच्या जागी राहिली. तेमिर म्हणून मागवून पाहायचं काम त्यांनी मला दिलं आणि तेवढ्यापुरत्या दुसऱ्या खोलीत गेल्या.

दिवे लागायच्या सुमाराला सलामत खाली आला. पत्राच्या तळाशी मी जागा सोडली होती, कारण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून राहिलं होतं. ते मी इंग्रजीत लिहिलं, दोन शब्दांत, बाईंना डिक्शनरी लागू नये म्हणून. मी आहे.

"पाठवा," सलामत म्हणाला.

"विषय लिहायचा राहिलाय."

विषयाच्या ओळीत पॅकेजचं खरं नाव लिहावं लागतं, हा भांडाराचा नियम. मी सुयुमकानकडे पाहिलं. त्या न सांगता उठल्या आणि खिडकीपाशी जाऊन नदीकडे पाहत उभ्या राहिल्या. सलामतनंही, का कोण जाणे, मान वळवली.

मी लिहिलं, तेमिर काढू नये.

"झालं का लिहून, आगाय?"

"झालं."

त्या वळल्या. "मग कशाची वाट बघताय?"

मी एंटर दाबलं.